वादळात युद्धनौका बुडाली, तर जीव कसा वाचवावा

१८ डिसेंबर १९४४ च्या रात्री दहाच्या सुमारास, फिलिपाइन्सच्या पूर्वेकडील समुद्रात, टॅबरर नावाची एक लहान अमेरिकी एस्कॉर्ट नौका टायफूनमधून कशीबशी निभावून निघाली होती. तिची डोलकाठी मोडून समुद्रात गेली होती आणि तिच्याबरोबर बिनतारी संदेशाच्या ताराही गेल्या होत्या. डेकवर अंधारात तात्पुरती तार बांधणाऱ्या बिनतारी विभागातल्या खलाशाला लाटांमध्ये एक मिणमिणता दिवा दिसला. तो हल या विनाशिकेवरच्या एका माणसाच्या लाइफ जॅकेटवरचा दिवा होता. हल त्याच दिवशी दुपारी बुडाली होती आणि ताफ्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्या टायफूनमध्ये हल, स्पेन्स आणि मोनॅगन या तीन विनाशिका उलटल्या, ताफ्यातील सुमारे ७९० माणसे गेली, आणि बुडालेल्या तिन्ही जहाजांवरची मिळून जेमतेम नव्वद माणसे जिवंत सापडली.

अशा दुर्घटनांतून वाचलेल्यांच्या हकिकती वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. जीव वाचवणारी बहुतेक कामे पाणी अंगावर येण्याआधी करायची असतात, आणि ती करण्याची वेळ असते तेव्हा ती अनावश्यक वाटतात. दिव्याची बॅटरी तपासणे, दार घट्ट लावणे, टाकीत पाणी भरून घेणे ही सारी कंटाळवाणी कामे आहेत. म्हणून पुढील सूचनांमध्ये तयारीला बरीच जागा दिली आहे. जो कोणी समुद्रावर नोकरीसाठी जातो, त्याने त्या शांत समुद्रातच वाचाव्यात.

वादळ दूर असताना

जहाज वादळात का उलटते, हे आधी समजून घ्यावे. एका बाजूला कललेले जहाज पुन्हा सरळ होते, ते त्याचे वजन खाली आणि आकार योग्य असल्यामुळे. तळाच्या टाक्यांमधले इंधन जसजसे संपते, तसतसे खालचे वजन कमी होते. वर मात्र तोफा, रडार आणि दारूगोळा तसाच राहतो. १९४४ मध्ये अमेरिकी विनाशिकांवर युद्धकाळात चढवलेल्या विमानविरोधी तोफांनी आणि रडारनी हा असमतोल वाढवला होता. स्पेन्सच्या टाक्या जवळपास रिकाम्या होत्या. रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेणे हा त्यावरचा उपाय होता, परंतु ते पाणी पुन्हा उपसायला वेळ लागतो आणि इंधन तर आज-उद्या मिळणारच होते. त्या आशेवर पाणी भरणे लांबले. हलच्या टाक्या मात्र बऱ्याच भरलेल्या होत्या, तरीही ती गेली. वाऱ्याने तिला एका कुशीवर दाबून धरले, तिला वळता येईना आणि शेवटी वरच्या उघड्या तोंडांतून पाणी आत शिरले. म्हणून केवळ टाक्या भरल्या की जहाज सुरक्षित झाले, असे समजू नये.

वादळाची सूचना मिळताच पुढील कामे त्याच क्रमाने हाती घ्यावीत. प्रथम रिकाम्या टाक्या भरून घ्याव्यात. अर्धवट भरलेली टाकी ठेवू नये, कारण तिच्यातले पाणी जहाज कलेल त्या बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. वर ठेवलेले जड सामान खाली न्यावे आणि हलू शकेल अशी प्रत्येक वस्तू बांधावी. त्यानंतर सर्व जलरोधक दारे, हॅच (डेकवरची झाकणाची दारे) आणि वायुवीजनाची तोंडे बंद करावीत आणि बंद केल्यावर एका माणसाने हाताने फिरून ती पाहावीत. दार लावले आहे असे ऐकणे आणि दाराच्या कड्या हाताने ओढून पाहणे यांत मोठे अंतर आहे. थंड प्रदेशात डेकवर आणि दोरांवर साचणारा बर्फ फोडून टाकणे हेही याच कामांत येते, कारण तो नेमका वरच्या बाजूचे वजन वाढवतो.

वादळाचे केंद्र कुठे आहे, हे उपकरणांशिवायही ढोबळमानाने कळते. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिल्यास केंद्र उजव्या हाताला, किंचित मागे असते. दक्षिण गोलार्धात ते डाव्या हाताला असते. उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने सरकत असते, तिच्या उजवीकडचा भाग अधिक घातक असतो, कारण तिथे वादळाची स्वतःची गती वाऱ्याच्या वेगात मिळते आणि वारा जहाजाला वादळाच्या वाटेवरच ढकलतो. एकाच जागी उभे राहून वारा घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिशा बदलत आहे असे दिसले, तर आपण त्या घातक भागात आहोत असे समजावे आणि जहाज सुकाणूच्या ताब्यात आहे तोवर बाहेर पडण्याचा मार्ग धरावा.

बंदरात नांगरून राहणे सुरक्षित असते, ही समजूतही सोडून द्यावी. मार्च १८८९ मध्ये सामोआतील अपिया बंदरात तीन अमेरिकी, तीन जर्मन आणि एक ब्रिटिश युद्धनौका उभ्या होत्या. चक्रीवादळाची चिन्हे दिसत असूनही राजकीय चढाओढीमुळे कोणीच आधी बाहेर पडायला तयार नव्हते. नांगर घसरू लागले, जहाजे एकमेकांवर आणि प्रवाळखडकांवर आदळली, आणि दोन्ही देशांच्या सहाही नौका फुटल्या किंवा किनाऱ्यावर चढल्या. ब्रिटिश कॅलिओपी तेवढी बाहेर पडली. तिच्या यंत्रांनी पूर्ण ताकद लावली, तेव्हा ती समोरच्या वाऱ्यातून माणसाच्या चालीहूनही हळू, पण पुढे सरकली. बुडण्याच्या बेतात असलेल्या ट्रेंटनवरच्या अमेरिकी खलाशांनी तिला जाताना जयघोष करून निरोप दिला. आजही अनेक नौदले वादळ येण्याआधी बंदर रिकामे करून जहाजे खोल समुद्रात नेतात, कारण तिथे हलायला जागा असते.

अमेरिकी नौदलाचे प्रशांत महासागरातील प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांनी १९४५ च्या फेब्रुवारीत आपल्या ताफ्याला १९४४ च्या त्या टायफूनविषयी एक पत्र लिहिले. जहाजाच्या सुरक्षिततेचे उपाय करण्याची वेळ म्हणजे ते करणे अजून शक्य असते ती वेळ, आणि पुढे ते अनावश्यक ठरतील या विचाराने खलाशाने हात आखडता घेण्याइतके घातक काही नाही, असा त्यातला आशय होता. जहाज चालवण्याच्या प्रत्येक कक्षात, म्हणजे ब्रिजवर, लावून ठेवावे असे ते पत्र आहे.

माणसे मोजा, जॅकेटे मोजा

१८ डिसेंबर हीच तारीख पुन्हा एकदा नौदलाच्या इतिहासात आली. २०२२ साली त्या दिवशी रात्री थायलंडच्या आखातात सुखोथाय ही थाई कॉर्व्हेट (लहान युद्धनौका) बुडाली. वादळी समुद्राचे पाणी आत शिरले, विजेची यंत्रणा बंद पडली, त्यामुळे पाणी उपसणारे पंप आणि यंत्रेही थांबली. तिच्यावर १०५ जण होते आणि त्यांतील २९ जण दगावले किंवा बेपत्ता झाले. एका समारंभासाठी नेहमीच्या खलाशांव्यतिरिक्त सुमारे तीस माणसे जहाजावर घेतली होती, आणि त्या जादा माणसांपुरती लाइफ जॅकेटे जहाजावर नव्हती.

म्हणून जहाज धक्का सोडण्यापूर्वी दोन आकडे जुळलेच पाहिजेत: जहाजावर प्रत्यक्ष असलेली माणसे आणि वापरण्याजोगी जॅकेटे. माणसांची नावनिशी यादी किनाऱ्यावर ठेवावी, म्हणजे शोध घेणाऱ्यांना किती जण सापडायचे बाकी आहेत ते कळते. तुम्ही पाहुणे म्हणून जहाजावर चढला असाल, तर पहिल्या तासातच आपले जॅकेट कुठे आहे, आपला तराफा कोणता आणि झोपण्याच्या जागेपासून डेकवर जाण्याचे दोन रस्ते कोणते, हे विचारून घ्यावे. ते दोन्ही रस्ते एकदा डोळे मिटून, भिंतीला हात लावत चालून पाहावेत. वीज गेल्यावर आणि जहाज कलल्यावर तेच करावे लागणार आहे.

जॅकेट घालण्याची पद्धत नीट शिकावी. पट्टे छातीवर घट्ट ओढावेत आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो न चुकता लावावा. तो सुटा ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. पाण्यात पडताच जॅकेट वर उचलले जाते, हनुवटीवर चढते आणि आत असलेला माणूस खाली घसरतो; मग दोन्ही हात जॅकेट खाली धरण्यातच अडकतात. शिटी आणि दिवा दोरीने जॅकेटला बांधलेले असावेत, कारण गारठलेल्या बोटांतून सुटलेली वस्तू पुन्हा हाती लागत नाही. फुगवायचे जॅकेट जहाजाच्या आत कधीही फुगवू नये. खोलीत पाणी भरले, तर फुगलेले जॅकेट तुम्हाला छताला चिकटवून ठेवते आणि खाली बुडी मारून दारापर्यंत पोहोचणे अशक्य होते.

जहाज सोडण्याची वेळ

तरंगत असलेले जहाज हा कोणत्याही तराफ्यापेक्षा चांगला आसरा आहे, हे पक्के लक्षात ठेवावे. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वादळाने गाठल्यावर २४ नौका माणसांनी सोडून दिल्या. त्यांतील पाचच बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. तराफ्यात उतरलेल्यांपैकी काही जण मात्र प्राणांना मुकले. त्या युद्धनौका नव्हत्या, तरी धडा तोच आहे. कप्तानाचा आदेश येईपर्यंत जहाज सोडू नये; तो येईपर्यंत पंप, दारे आणि सुकाणू यांवरचे काम हेच जीव वाचवण्याचे काम असते.

परंतु आदेशाची वाट पाहताना खाली अडकून पडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ज्यांना खाली काम नाही त्यांनी वर, आडोशाला राहावे. १९४४ च्या त्या विनाशिका उलटल्या तेव्हा खालच्या मजल्यांवरच्या बहुतेकांना बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. जहाजाचा झोका ओळखायला शिकावे. तोल शाबूत असलेले जहाज कलते आणि झटक्याने परत येते. त्या झटक्याने माणूस पडतो, पण ते लक्षण चांगले आहे. झोका संथ झाला, कलल्यावर जहाज टोकाला क्षणभर रेंगाळू लागले आणि परत यायला जणू विचार करू लागले, तर आत पाणी साचले आहे आणि तोल जात चालला आहे असे समजावे. असा रेंगाळणारा झोका दिसला की ब्रिजला कळवावे आणि अंगावर जॅकेट चढवावे.

जहाज सोडण्याआधी काही मिनिटे मिळाली, तर ती कपड्यांसाठी वापरावीत. एकावर एक कपडे, वर पाणी अडवणारे जाकीट, डोक्यावर लोकरी टोपी, हातमोजे आणि पायांत बूट असावेत. कपड्यांच्या ओझ्याने माणूस बुडतो ही भीती चुकीची आहे. पाण्यात कपडे जड नसतात आणि त्यांच्यात अडकलेले पाणी अंगाच्या उबेने थोडे कोमट राहते. उलटी थांबवणारी गोळी लगेच घ्यावी, पोटभर पाणी प्यावे, आणि ज्यांच्याकडे ते काम सोपवलेले असेल त्यांनी उपग्रहाला संकेत पाठवणारा एपर्ब, रडारवर दिसणारा सार्ट, हातातले रेडिओ संच आणि जादा पाणी बरोबर घ्यावे. एपर्ब ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत पाठवतो. तो सुरू करून तराफ्यालाच बांधून ठेवावा, म्हणजे शोधणारे माणसांकडे येतात, रिकाम्या समुद्राकडे नव्हे.

पाण्यात उतरताना

शक्यतो कोरडेच उतरावे: शिडीने, जाळीने किंवा थेट तराफ्यात. उडी मारावीच लागली, तर जितक्या खालून मारता येईल तितक्या खालून मारावी. खाली माणूस किंवा लाकूड नाही ना ते पाहावे, एका हाताने नाक आणि तोंड झाकावे, दुसऱ्या हाताने जॅकेट खाली दाबून धरावे, पाय जुळवावेत, नजर समोर ठेवावी आणि उडी घेण्याऐवजी एक पाऊल पुढे टाकावे.

कोणत्या बाजूने उतरावे, हा प्रश्न वादळात सोपा नसतो. वाऱ्याआडच्या बाजूला पाणी जरा शांत असते, पण वाऱ्याने सरकणारे जहाज पोहणाऱ्यावरच येते. वाऱ्याकडच्या बाजूला लाटा माणसाला परत जहाजाच्या पोलादावर आपटतात. म्हणून नाळ (जहाजाचे पुढचे टोक) किंवा पिछाडी यांपैकी जे टोक पाण्याला जवळ असेल, तिथून उतरून जहाजापासून लवकर दूर जावे. बुडणारे जहाज माणसाला ओढून नेईल या धास्तीपेक्षा, पाण्याखालून तीरासारखे वर उसळणारे लाकूड आणि पिंपे अधिक धोक्याची असतात. पाण्यावर तेल पसरले असेल, तर डोके उंच, तोंड आणि डोळे मिटून वारा येतो त्या दिशेला, म्हणजे तेलाच्या थराच्या बाहेर पोहावे. गिळलेले आणि छातीत गेलेले तेल नंतरही जीव घेते.

पहिले मिनिट, पहिली दहा मिनिटे

थंड पाण्यात माणूस कसा दगावतो, याविषयी चुकीची कल्पना पुष्कळांची असते. गारठून बेशुद्ध होण्याच्या कितीतरी आधी श्वास त्याला दगा देतो. अंगाला गार पाणी लागताच आपोआप मोठा उसासा घेतला जातो आणि मग धाप लागते. तो उसासा लाटेखाली घेतला गेला, तर फुप्फुसांत पाणी जाते. ही धाप साधारण एका मिनिटात ओसरते. त्या मिनिटात पोहू नये, ओरडू नये. जॅकेटवर तरंगत राहावे आणि फक्त श्वासाकडे लक्ष द्यावे. त्यानंतरची सुमारे दहा मिनिटे हातापायांत जोर आणि बोटांत पकड असते. दोर बांधणे, पट्टे ओढणे, दिवा लावणे, तराफ्यात चढणे ही बोटांची सर्व कामे याच वेळात उरकून घ्यावीत. पुढे बोटे ऐकेनाशी होतात. अतिशय गार पाण्यातसुद्धा शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो, हे माहीत असले म्हणजे घाबरून पहिल्या मिनिटात जीव गमावण्याची वेळ येत नाही.

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते. म्हणून जवळ तराफा किंवा लाकूड नसेल तर उगाच पोहू नये. गुडघे छातीशी घ्यावेत, दंड अंगाला चिकटवावेत आणि मान पाण्याबाहेर ठेवावी. तिघे-चौघे असाल तर छातीला छाती लावून, एकमेकांच्या पाठीवर हात टाकून घट्ट वर्तुळ करावे आणि जखमी माणसाला मध्ये घ्यावे. हे वर्तुळ वरून पाहणाऱ्यालाही एकट्या डोक्यापेक्षा लवकर दिसते. फुटणाऱ्या लाटेकडे पाठ करावी. लाटेच्या फेसाळ माथ्याखाली श्वास रोखून धरावा आणि ती ओसरल्यावर घ्यावा. जॅकेटला तोंडावर ओढायचा पारदर्शक पडदा असेल, तर तो ओढून घ्यावा. वादळात हवेत इतके तुषार असतात की डोके वर असूनही माणूस हळूहळू बुडू शकतो.

तराफ्यात

आधुनिक फुगणारा तराफा फायबरच्या पिंपात बंद असतो. त्याचा दोर जहाजाला बांधलेला असल्याची खात्री केल्याशिवाय पिंप पाण्यात ढकलू नये. दोर न बांधता टाकलेले पिंप वाऱ्याबरोबर निघून जाते. दोर पूर्ण ओढून शेवटी जोराचा झटका दिला की गॅस सुटतो. कोणालाही पिंप सोडता आले नाही आणि जहाज बुडाले, तरी १.५ ते ४ मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने चालणारे उपकरण त्याला मोकळे करते. म्हणून बुडालेल्या जागेच्या आसपास तराफा वर येतो का, ते पाहत राहावे.

तराफा उलटा फुगला, तर तो एका माणसाला सरळ करता येतो. यासाठी गॅसचा सिलिंडर ज्या बाजूला असतो त्या बाजूने तळावर चढावे, ती बाजू वाऱ्याआड असू द्यावी, तळावरचा पट्टा दोन्ही हातांनी धरावा, पाय सिलिंडरच्या बाजूच्या कडेवर रोवावेत आणि सारे अंग मागे टाकावे. वारा पलीकडची कड उचलतो आणि तराफा अंगावर येतो. प्रशिक्षणाच्या तलावात पहिल्यांदा हे करणारा माणूस हमखास गोंधळतो, कारण तराफा अंगावर पडतो आणि क्षणभर काळोख होतो. त्या क्षणी हातपाय मारू नयेत. तोंड वर करून पाठीवर तरंगत, तळाला हात लावत बाहेर सरकावे. जॅकेट आपोआप वर ठेवते. हा काळोख एकदा तलावात अनुभवलेला माणूस समुद्रात घाबरत नाही, एवढ्यासाठी तरी प्रत्येक खलाशाने हा सराव केलेला असावा.

आत गेल्यावर पहिली कामे चार: जहाजाचा दोर कापणे, दूर होणे, समुद्री नांगर सोडणे, छताची तोंडे बंद करणे. समुद्री नांगर म्हणजे कापडी पिशवी. ती पाण्यात ओढली गेली की तराफ्याचा वेग आणि उलटण्याची शक्यता दोन्ही कमी होतात. तिच्या दोराची घासणारी जागा कापड गुंडाळून जपावी, कारण दोर तुटला की तराफा वाऱ्यावर उडू लागतो. माणसांचे वजन वाऱ्याकडच्या कडेवर जास्त ठेवावे. आतले पाणी उपसून, स्पंजने पुसून तळ कोरडा करावा, तळाला हवेचा थर असेल तर तो फुगवावा आणि एकमेकांना बिलगून बसावे. उलटीची गोळी सर्वांनी घ्यावी, ज्याला कधीच लागत नाही त्यानेसुद्धा. उलटीने गेलेले पाणी परत मिळत नाही, आणि एकाला सुरू झाली की बंद छताखाली सर्वांना सुरू होते. पहाऱ्याच्या पाळ्या लावाव्यात. ज्याच्या हातात काम असते त्याचा धीर टिकतो.

पाण्याविषयी कठोर राहावे लागते. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असते आणि माणसाचे मूत्रपिंड तेवढ्या खारटपणाचे मूत्र तयार करू शकत नाही. म्हणून प्यायलेले समुद्राचे पाणी बाहेर टाकायला शरीरातलेच पाणी जास्त खर्च होते. आधी भ्रम होतो, मग मृत्यू येतो. १९४५ मध्ये इंडियानापोलिस ही अमेरिकी क्रूझर (मोठी युद्धनौका) पाणबुडीच्या हल्ल्यात, वादळात नव्हे, बुडाली. सुमारे चार दिवस पाण्यात राहिलेल्या तिच्या खलाशांपैकी खारे पाणी प्यायलेल्या अनेकांना भ्रम झाला आणि कोणाला जवळच बेट दिसले, कोणाला पाण्याखाली गोड्या पाण्याची टाकी दिसली. असा माणूस पोहत निघू लागला, तर त्याला दोराने स्वतःशी बांधावे. जखमी नसलेल्यांनी पहिल्या चोवीस तासांत साठ्यातले पाणी पिऊ नये, नंतर दिवसाला ठरलेला वाटा घ्यावा. पाऊस आला की आधी छतावरचे मीठ धुऊन जाऊ द्यावे, मग पाणी धरावे. पिण्याचे पाणी पुरेसे नसेल तर मासे खाऊ नयेत. मांस पचवायला पाणी लागते.

जहाज खडकावर आदळले असेल तर

किनाऱ्याजवळ फुटलेल्या जहाजाचा प्रश्न वेगळा असतो, कारण जमीन दिसत असते आणि तिच्याकडे धाव घेण्याचा मोह होतो. १८ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर बर्फाच्या वादळात ट्रक्स्टन ही विनाशिका आणि पॉलक्स हे पुरवठा जहाज कड्यांखाली आदळले. २०३ माणसे गेली, १८६ वाचली. ट्रक्स्टनभोवती तेलाचा जाड थर होता; किनारा समोर दिसत असूनही पोहणारे त्यात गुदमरले. जे वाचले, त्यांच्यातल्या एका तरुण खलाशाने बर्फाने माखलेला कडा चढून, वादळात चालत जाऊन जवळच्या खाणीतल्या कामगारांना खबर दिली. पॉलक्सच्या माणसांना लॉन गावातून चालत आलेल्या पुरुषांनी कड्यावर उभे राहून दोराने एकेक करून वर ओढले, आणि ते काम रात्रभर चालले.

त्या दुर्घटनेतून निघणारी पद्धत अशी: जहाज एकसंध आहे तोवर त्याच्यावरच राहावे आणि आधी दोर किनाऱ्याला न्यावा. दोर फेकणाऱ्या बंदुकीने, तराफ्यातून किंवा सर्वांत चांगल्या पोहणाऱ्याच्या कमरेला बांधून तो न्यावा, मग त्याच्या आधाराने इतरांनी जावे. फुटणाऱ्या लाटांतून जावेच लागले तर पाय पुढे करून, गुडघे किंचित वाकवून, बूट न काढता जावे, म्हणजे खडकाचा मार पायांवर बसेल. लाट खडकावरून ओसरताना हाताला लागेल ते धरून थांबावे आणि पुढची येण्याआधी वर सरकावे.

किनाऱ्याला लागणे म्हणजे वाचणे नव्हे. ट्रक्स्टनचे काही खलाशी वाळूपर्यंत पोहोचूनही थंडीने गेले. ओल्या अंगाने वाऱ्यात आडवे पडू नये. चालता येत असेल तर चालत राहावे, येत नसेल तर कपारीत, वाऱ्याआड, एकमेकांना चिकटून बसावे. जानेवारी १९१८ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर ओपल आणि नारबरो या दोन ब्रिटिश विनाशिका हिमवादळात कड्यावर आदळल्या. १८९ माणसांपैकी एकच, विल्यम सिसन्स, वाचला. तो बर्फाने झाकलेल्या कड्याच्या आसऱ्याला जवळपास दोन दिवस तग धरून होता.

सापडणे आणि वाचवणे

शोध घेणाऱ्या विमानातून लाटांमधले एक डोके जवळजवळ दिसत नाही. रात्री दिवा आणि दिवसा आरसा सतत वापरावा, पण ज्वाला आणि धुराच्या नळकांड्या मात्र विमान किंवा जहाज प्रत्यक्ष दिसल्याशिवाय पेटवू नयेत. नळकांडे वाऱ्याआडच्या बाजूला, तराफ्याच्या बाहेर हात काढून धरावे. आवाज वाऱ्यात विरतो, शिटी दूर जाते. हेलिकॉप्टरचा दोर आला तर त्याचे टोक आधी पाण्याला लागू द्यावे, मग हात लावावा, कारण त्यात साठलेली वीज जोराचा झटका देते.

वाचवायला येणाऱ्या जहाजाने टॅबररची पद्धत ध्यानात ठेवावी. तिचा कप्तान हेन्री प्लेज याने जहाज माणसाच्या वाऱ्याकडच्या बाजूला आडवे आणले आणि वाऱ्याने ते हळूहळू त्याच्याकडे सरकू दिले. जहाजाच्या आडोशाने पाणी जरा निवते. थकलेल्या माणसाला शिडी चढता येत नाही, म्हणून तिच्यावरचे चांगले पोहणारे कमरेला दोर बांधून उतरले आणि माणसांच्या काखेत दोर अडकवून आले. आज यात एक भर घालावी लागते: गारठलेल्या माणसाला शक्यतो आडवे उचलावे. उभे उचलल्यास पाण्याचा दाब अचानक निघून जातो, रक्त पायांत उतरते आणि तासन्‌तास तग धरलेला माणूस डेकवर पोहोचताच कोसळतो. त्याला आडवेच ठेवावे, ओले कपडे कापून काढावेत, छाती, मान आणि काखेला ऊब द्यावी. हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये, चालायला लावू नये.

ऊब देण्यासाठी साधने नसली तर माणूस पुरतो. १६ सप्टेंबर १८९० च्या रात्री जपानच्या ओशिमा बेटाजवळ एर्तुग्रुल ही ऑटोमन युद्धनौका टायफूनमध्ये खडकावर फुटली, पाचशेहून अधिक माणसे गेली आणि ६९ वाचली. गावकऱ्यांनी त्यांना घरी नेले, आपल्या साठ्यातले अन्न दिले आणि गारठलेल्यांना स्वतःच्या अंगाची ऊब दिली. भाषा एकमेकांना कळत नव्हती.

वाचलेल्याचे शेवटचे काम म्हणजे माहिती देणे. शुद्धीवर येताच बरोबर किती जण होते, तराफे किती सुटले, कोण कुठल्या दिशेला वाहत गेले आणि ते किती वाजता, हे पहिल्या भेटणाऱ्या अधिकाऱ्याला सांगावे. हलच्या पहिल्या माणसाने सांगितले म्हणूनच टॅबररला शोध सुरू ठेवायचा हे कळले. ठरल्या ठिकाणी येण्याचा आदेश असतानाही प्लेजने शोध थांबवला नाही आणि ५५ जण उचलले. सुखोथायचा एक खलाशी ४१ तासांनी एका बोयाला (तरंगत्या खुणेच्या पिंपाला) धरून तरंगताना सापडला. मोनॅगनचे वाचलेले सहाही जण ब्राउन या विनाशिकेला २१ डिसेंबरला, जहाज बुडाल्यानंतर तीन दिवसांनी सापडले.